दोन वाड्यांच्या मधली पाचवी

गुरुजींविषयी लिहायचं तर एक गोष्ट आधी नोंदवायला हवी. त्यांच्याबरोबर काम करणं अवघड होतं. ते गेल्यानंतर महाडात जी सभा झाली तिच्यात हे कुणी सांगितलं नाही. निरलस, समर्पित, ऋषितुल्य असे शब्द आले. मी त्यांच्या हाताखाली दोन वर्षं दुय्यम शिक्षक होतो, आणि त्यांपैकी निदान दीड वर्ष मी त्यांच्यावर वैतागलेला होतो.

काळ महाराष्ट्र राज्य होण्याच्या जरा आधीचा. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. महाडहून एस.टी.ने पोलादपूर, तिथून महाबळेश्वरच्या रस्त्याने कापडे, आणि कापड्यापासून डोंगराच्या अंगाला दीड तास पायी. गाव म्हणजे नदीच्या दोन काठांवरच्या दोन वाड्या. एका काठावर देऊळ होतं, म्हणून ती देवळाची वाडी. दुसरी पल्याडची. मध्ये जाण्यायेण्याला लाकडी साकव. दोन्हींत मिळून साठेक घरं, खाली भात, उतारावर नाचणी आणि वरी, आणि घरटी एखादा तरी माणूस मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत. शाळा देवळात भरायची. चौथीपर्यंत.

शाळेची वेळ अकरा ते पाच. तिच्या आधी आणि नंतर गुरुजी बाकी सगळं करत. दर पंधरवड्याला दोन्ही वाड्यांच्या विहिरींत जांभळी पूड टाकायची. हिवतापाच्या गोळ्यांचा डबा त्यांच्याकडे. देवी टोचणारा आला की गावातली मुलं माळ्यावर लपवली जात. त्यांना खाली उतरवायचं काम गुरुजींचं. बायकांची मुंबईला जाणारी पत्रं तेच लिहीत आणि आलेली तेच वाचून दाखवत, त्यामुळे कुणाचा नवरा काय म्हणतो हे त्या बाईला आणि गुरुजींना, अशा दोघांनाच ठाऊक असे. गावातून सरकारकडे गेलेला प्रत्येक अर्ज त्यांच्या अक्षरात होता.

यातलं काहीही करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मलाही नव्हतं. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातात पुडीची पिशवी ठेवली आणि म्हणाले, "पल्याडची विहीर तुमच्याकडे." मला पोहता येत नाही आणि साकवाला कठडा नाही, हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "खाली बघू नका."

संक्रांतीच्या सुमाराला मी महाडला बदली मागणारा अर्ज लिहिला. नियमाप्रमाणे तो मुख्याध्यापकांमार्फतच जायला हवा. गुरुजींनी तो शांतपणे वाचला, घडी घालून कपाटात ठेवला आणि म्हणाले, "बघू."

त्यांना त्या वर्षी दुसराच ध्यास होता. चौथी झालेल्या मुलांपुढे दोन वाटा असत. मुलगे काकाच्या किंवा मामाच्या खोलीवर मुंबईला जात, मुली रानात. खाली पाचवीला जाणारा एखादा मुलगा निघे. मुलगी एकही नाही. गुरुजी चोवीस वर्षं या गावात होते, आणि मी रुजू झालो त्याच्या चौथ्या दिवशी त्यांनी मला हे सांगितलं, एखाद्या गुन्ह्याची कबुली द्यावी तसं. "दरवर्षी शिकवतो आणि दरवर्षी तिथंच थांबवतो. वाचायला येतं, पण वाचायला घरात कागद नाही. दोन वर्षांत विसरतात. सहाव्या वर्षी माझ्याकडेच पत्र लिहून घ्यायला येतात." पुढच्या मार्चअखेर ते निवृत्त होणार होते. त्याआधी गावात पाचवी सुरू व्हायला हवी होती. नंतर येणारा माणूस ती मागेल याची त्यांना खात्री नव्हती. मला तर नव्हतीच, कारण तो माणूस मी असण्याची शक्यता होती.

शिक्षण खात्याचे तपासनीस, ज्यांना सगळे दिपोटी साहेब म्हणत, त्यांचं पत्र आलं होतं. जून महिन्यात शाळा उघडेपर्यंत स्वतंत्र दोन खणी इमारत उभी राहिली आणि पटावर वीस नावं झाली, तर पाचवी मिळेल. मागच्या दोन वर्षांत चौथी झालेली मुलंमुली धरून देवळाच्या वाडीत बारा नावं निघत होती, पल्याडच्या वाडीत नऊ. म्हणजे दोन्ही वाड्या एकत्र आल्या तरच पाचवी. एकीने अंग काढलं की संपलं. हे ज्याला कळत नव्हतं असा माणूस गावात नव्हता, आणि हीच अडचण होती.

जागेचा प्रश्न माघात गावकीपुढे आला. गावकी म्हणजे दोन्ही वाड्यांच्या घरकऱ्यांची बैठक. एका बाजूला देवळाच्या वाडीचे पंच, सत्तरीचे, बेताचं बोलणारे, आणि दुसऱ्या बाजूला पल्याडचे पंच, गिरणीतून निवृत्त होऊन आलेले, न थांबता बोलणारे.

"शाळा हितं हाय, हितंच ऱ्हावं दे," देवळाचे पंच म्हणाले.

"इतकी वरसं आमची पोरं साकव वलांडून येतात. आता तुमची येवं देत."

"आमची पोरं बारकी हायत."

"आनि आमची काय जल्माला येतानाच मिशा घेऊन आली?"

तेव्हा कुणीतरी म्हणालं, मध्यावर बांधा. सगळ्यांना पटलं. गुरुजींनाही पटलं, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

मध्य कुठून कुठपर्यंतचा, यावर पुढचे तीन रविवार गेले. पहिल्या घरापासून मोजावं की शेवटच्या? पल्याडच्या वाडीचं शेवटचं घर म्हणजे वस्तुतः एक गोठा होता, पण त्याचा मालक म्हणाला की त्याची आई तिथे निजते, म्हणून तो घरच. देवळाच्या वाडीने विचारलं, आई कधीपासून निजते? तो म्हणाला, कालपासून. शेवटी दोन्ही वाड्यांच्या विहिरींपासून मोजायचं ठरलं. बैलांची दावी एकमेकांना बांधून लांब दोरी केली. एक टोक देवळाच्या पंचांनी धरलं, दुसरं पल्याडच्या. गुरुजी मध्ये. दोरी ओली झाली तर लांबते असा आक्षेप निघाल्यावर पुन्हा मोजलं. मग टोकं बदलून पुन्हा. तिन्ही वेळा मध्य एकाच ठिकाणी आला: नदीच्या पल्याडच्या अंगाला, दगडगोट्यांच्या पट्ट्यावर, दोन करंजांच्या मध्ये.

पावसाळ्यात त्या पट्ट्यावरून पाणी जातं. करंजांच्या बुंध्यांना पाण्याची खूण होती, माझ्या कमरेच्या वर. ती मीही पाहिली, आणि मी त्या गावात एकच पावसाळा काढला होता.

"इथे पाणी येतं," गुरुजी म्हणाले.

"दरवरसी नाय येत, गुरुजी."

"शाळा दरवर्षी भरते."

"कडेकडेनं जातं वो. जोतं वर घेऊ."

पुढच्या बैठकीत गुरुजींनी तेच पुन्हा सांगितलं आणि गावकीने तेच पुन्हा ऐकून घेतलं. ती जागा सगळ्यांना इतकी का आवडली हे मला महिनाभराने उमगलं. ती कुणाचीच नव्हती. कुणाचं खाचर जात नव्हतं, कुणाचा आंबा तुटत नव्हता, आणि कोणत्याही वाडीला दुसरीपुढे एक पाऊल मागे यावं लागत नव्हतं. शाळा वाहून जाणं हे त्या मानाने किरकोळ होतं.

मला वाटलं गुरुजी आता हात झटकतील. त्यांनी धोतर खोचलं आणि पहिला दगड उचलला.

जोत्याचे दगड दोन्ही वाड्यांनी वाहिले. सकाळी बायका, दुपारी पुरुष. एका वाडीचा माणूस दगड टाकून गेला की दुसऱ्या वाडीचा तेवढाच मोठा शोधून आणायचा. लहान आणलेला चालत नसे. जोतं छातीएवढं झालं. मग दाराचा प्रश्न निघाला.

"दार देवळाकडं पायजे," देवळाचे पंच म्हणाले. "पोरांनी भायेर पडल्यावर देवाचं तोंड बगावं."

"म्हंजे आमच्या पोरांनी शाळंच्या पाठीमागनं यायचं? चोरावानी?"

"वळसा घालायचा. पाय हायत ना?"

"पाय हायत, पन तुमच्या उंबऱ्याला घासायला नायत."

गुरुजी म्हणाले, दोन दारं करू. एक इकडे, एक तिकडे. सुताराने रंधा खाली ठेवला. "दोन दारं, चार खिडक्या. मंग भिंत खंय ठेवू, गुरुजी?" त्याची सासुरवाड दक्षिणेकडची होती आणि वैतागला की तो तिकडचं बोलायचा.

शिमग्याला मुंबईकर आले. गावाचं मुंबईत एक मंडळ होतं. गावातली कोणतीही गोष्ट त्या मंडळाला विचारल्याशिवाय होत नसे आणि मंडळ गावाला विचारल्याशिवाय काही ठरवत नसे, त्यामुळे बहुतेक गोष्टी होतच नसत. मंडळाचा चिटणीस मनगटावर घड्याळ बांधून जोत्यावर चढला आणि म्हणाला, "कमिटीनं रिझोल्यूशन पास केलाय. छप्पर पत्र्याचं. बॉम्बेला समदं पत्र्याचंच असतंय, एकदम फर्स्टक्लास."

"पत्र्यावर पाऊस लागला की मी बोललेलं मुलांना ऐकू जाणार नाही," गुरुजी म्हणाले.

"तुमचं तसंबी कोन ऐकतंय, गुरुजी?"

लोक हसले. गुरुजीही हसले. मी हसलो नाही, कारण ते खरं होतं. तरी कौलंच ठरली, कारण मुंबईच्या मंडळातही दोन्ही वाड्यांची माणसं होती आणि पत्रे कोणत्या वाडीच्या माणसाने आणायचे यावर त्यांचं एकमत होईना.

शनिवारी आम्ही दोघे महाडला उतरत असू. गुरुजींचं बिऱ्हाड महाडात होतं, माझं घर दोन गल्ल्या पलीकडे. काकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, मला जेवायला थांबवून घेत. एका रविवारी गुरुजी पाटावर बसून कौलांचा हिशेब करत होते, एका खणाला किती, वळचणीला किती.

"अहो," काकू म्हणाल्या, "मोरीवरचं कौल गेल्या पावसापासून फुटलंय. तिथली हजार मोजताय, हे एक दिसत नाही?"

"आणतो."

"आणू नका. मी परातीची सवय करून घेतलीय." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही लग्न करणार असाल तर मुलीला आधीच सांगून ठेवा. म्हणावं, सवत वरच्या गावात आहे, वयाने मोठी आहे आणि तिला अजून छप्पर नाही."

"तिला दारं दोन आहेत," मी म्हणालो.

"मग नशीबवान आहे. एकातून हे आत गेले की दुसऱ्यातून बाहेर तरी येतील."

गुरुजींनी मान वर केली नाही. वळचणीची कौलं चुकली होती, ते पुन्हा मोजत होते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात दिपोटी साहेब आले. इमारत उभी होती. लाकडी सांगाडा, कुडाच्या भिंती, त्यांवर माती, वर कौलं. दोन दारं, एक इकडे आणि एक तिकडे. वीसच्या जागी एकवीस नावं पटावर होती, त्यांत आठ मुली. साहेब कापड्याहून चालत आले होते, घामाने ओले, बरोबर पट्टेवाला. त्यांनी खोल्या पाहिल्या, फळा पाहिला, मुलींना पाढे विचारले. मग बाहेर येऊन त्यांनी करंजाच्या बुंध्याकडे पाहिलं.

"पावसाळ्यात पाणी कुठवर येतं?"

"त्या खडकापत्तूर," देवळाचे पंच म्हणाले आणि बऱ्याच खालचा खडक दाखवला.

"खडकापत्तूर पन नाय येत, साहेब," पल्याडचे पंच म्हणाले. "त्याच्याबी खाली."

माझ्या तिथल्या वास्तव्यात एका पंचांनी दुसऱ्याच्या म्हणण्याला दुजोरा दिल्याचा हा पहिला प्रसंग.

साहेब गुरुजींकडे वळले. "गुरुजी?"

मी गुरुजींच्या डाव्या हाताला उभा होतो. मला उत्तर माहीत होतं आणि मी मनात म्हणत होतो, एकदाच. एकदाच.

"तुम्ही उभे आहात तिथे कमरेइतकं," गुरुजी म्हणाले. "मी तीन वेळा पाहिलंय."

 साहेबांनी विचारलं, "मग इथे बांधली का?"

"दुसऱ्या कुठल्याही जागी या दोन्ही वाड्यांची माणसं एकत्र दगड उचलायला आली नसती."

साहेबांनी शेरेबुकात लिहिलं: इमारत समाधानकारक, जागा धोकादायक, सबब मंजुरी देता येत नाही, शाळा उघडण्यापूर्वी सुरक्षित जागी हलवल्यास फेरविचार करू. सही केली आणि उन्हं उतरायच्या आत निघून गेले.

त्या दिवसापासून गाव त्यांना गुरुजी म्हणेनासं झालं. "मास्तर," देवळाचे पंच म्हणाले, "तीन म्हयने दगड वायले आमी. येक शब्द खोटा बोलायचा हुता. तेवढा नाय जमला?"

"साहेबांनी मला विचारलं," गुरुजी म्हणाले.

मी त्या दिवशी त्यांच्याशी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बोललो, ते भांडण्यासाठी. खरंच बोलायचं होतं तर माघात ठासून का नाही बोललात? काम थांबवलं का नाही? त्यांनी शाळेचं लॉगबुक काढून दोन नोंदी दाखवल्या. तारखेसह: जागेस पाणी येते असे गावकीस सांगितले. पुन्हा सांगितले. त्यांचं म्हणणं, त्यांनी सांगितलं होतं. मला त्या माणसाचं काय करावं ते कळेना. अख्खं गाव कामाला लावायचं, स्वतः दगड उचलायचे, आणि शेवटच्या पायरीवर एका प्रश्नाच्या उत्तरात सगळं घालवायचं. खोटं बोलणं बरोबर ठरलं असतं, असं मीही म्हणत नाही. पण पाण्याची खूण दिसत असताना जोतं बांधणाऱ्या माणसाने सत्याचा इतका आग्रह उशिरा धरू नये, असं माझं मत होतं. अजूनही आहे.

चार दिवस त्यांच्याकडे पत्र लिहून घ्यायला कुणी आलं नाही. दूध बंद झालं. पावसाची आगोट तोंडावर होती. लोक घरं शाकारत होते, लाकडं भरत होते. पाचव्या दिवशी दोन्ही पंच एकत्र देवळात आले, मागे पंधरावीस माणसं. मास्तरांची तक्रार करायची आणि दुसरा मास्तर मागायचा, असं दोन्ही वाड्यांनी एकमुखाने ठरवलं होतं. त्यासाठी अर्ज हवा होता.

ते आधी माझ्याकडे आले. मी म्हणालो, मी दुय्यम आहे, मला वरिष्ठांविरुद्ध लिहिता येत नाही. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. मग ते ज्याच्याकडे चोवीस वर्षं अर्ज घेऊन जात होते त्याच्याकडेच गेले.

गुरुजींनी कागद काढला, दौत उघडली. "कुणाच्या नावाने?"

"दिपोटी सायबाच्या."

"विषय?"

"मास्तर बदलून मिळनेबाबत," पल्याडचे पंच म्हणाले. त्यांना अर्जाची भाषा येत होती. ती त्यांनी गुरुजींकडूनच ऐकली होती.

"कारण सांगा."

त्यांनी सांगितलं. गुरुजींनी लिहिलं. मास्तर गावाचं ऐकत नाहीत. मास्तरांनी शाळेची जागा बाद करवली. गावाची तीन महिन्यांची मेहनत फुकट घालवली. एका बाईने मागून सांगितलं, "त्यांनी माज्या पोराला माळ्यावरनं कान धरून उतरवला, तेबी ल्हेवा." त्यांनी तेही लिहिलं. मग वाचून दाखवलं, स्वच्छ, सावकाश, जशी इतर पत्रं वाचून दाखवत तशी.

"हे असं गेलं तर साहेब पहिला प्रश्न विचारतील," ते म्हणाले. "मास्तरांनी जागा बाद केली, मग गावाची दुसरी जागा कुठली? तुमच्याकडे जागाच नाही असं दिसलं तर ते मास्तरांचंच खरं धरतील. इथे काय लिहू?"

टाक कागदावर टेकलेला होता. 

"मोकळं सोडू?"

"मोकळं नगो," देवळाचे पंच म्हणाले. "देवळामागचा माळ लिवा."

सगळ्यांनी पल्याडच्या पंचांकडे पाहिलं. त्यांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा घातली. मग म्हणाले, "लिवा. पन म्होरं लिवा, पल्याडची पोरं पावसाळ्यात साकवावरनं मास्तरानं सोता आनायची आनि सोता न्हेयाची. रोज. आमी पोरं पान्यात सोडनार नाय."

"म्हणजे मास्तर बदलून मागायचा, आणि त्यानेच आणायची?" मी विचारलं.

"नवा येईल तेव्हा नवा आनील. तवर ह्यो."

गुरुजींनी ते लिहून घेतलं. अंगठे आणि सह्या झाल्या. हे सगळं त्यांनी मुद्दाम घडवलं का, असं मी त्यांना पुढे विचारलं तेव्हा ते म्हणाले, अर्जात रिकामी जागा ठेवायची नसते. इतकंच. ज्याची खात्री करता येत नाही ते मी लिहीत नाही, म्हणून यापुढे मीही काही म्हणत नाही. ज्याची खात्री आहे ते असं: माझा बदलीचा अर्ज संक्रांतीपासून कपाटात पडून होता. त्यांच्याविरुद्धचा अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळी, शेवटी 'मुख्याध्यापकांमार्फत' असा शेरा आणि त्यांची सही होऊन, कापड्याच्या टपालात पडला.

अर्जात माळ लिहिला गेला, म्हणून तो माळ झाला. कागदावर गेलेलं मागे घेणं दोन्ही वाड्यांना कमीपणाचं वाटलं असावं. बारा दिवसांत इमारत उचलली. कौलं उतरवली, बायकांनी डोक्यावरून वर नेली. वासे, खांब, चौकटी साकवावरून नेल्या. जोतं तसंच नदीत राहिलं. नवं जोतं गुडघ्याएवढं. माळावर त्याहून जास्त लागत नव्हतं. चौकटी दोन तयार होत्या म्हणून दारंही दोनच बसवली. आता दोन्हींतून देऊळच दिसायचं, पण त्यावर भांडायला कुणाला सवड नव्हती. शेवटच्या खणाची कौलं पावसात बसवली. सुतार छपरावरून गुरुजींना शिव्या देत होता आणि गुरुजी खालून त्याला कौलं देत होते.

शाळा उघडल्यावर आठवड्याने दिपोटींचा हुकूम आला. पाचवी मंजूर. तक्रारअर्जाबाबत स्वतंत्र चौकशी होईल, असंही त्यात होतं. ती कधी झाली नाही. खाली तिसरं कलम होतं: वरच्या इयत्तेस दुसऱ्या वर्षाचं ट्रेनिंग झालेल्या शिक्षकानेच शिकवावे.

गुरुजींचं एकाच वर्षाचं ट्रेनिंग झालेलं होतं. माझं दोन वर्षांचं.

"ही अट आधीच्या पत्रात होती?" मी विचारलं.

"होती."

"मला दोनच सांगितल्या होत्यात."

"तिसरी तुम्ही पूर्ण करत होतात. सांगायचं काय?"

"आणि माझा बदलीचा अर्ज?"

"पाठवलेला नाही."

त्यांनी तो कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवला. घडी तशीच होती. आज पाठवायचा असेल तर आज पाठवतो, म्हणाले. त्यांनी 'पाठवला' असं मला कधीच सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं आणि त्यामुळे राग जास्तच आला. पाच महिने मी दर शनिवारी टपालाची वाट पाहिली होती. ज्या वर्गासाठी हा माणूस चोवीस वर्षं झुरला तो वर्ग त्याला एक दिवसही शिकवता येणार नव्हता, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि त्यासाठी लागणारा शिक्षक त्याने कपाटात कुलूप घालून ठेवला होता. चिडावं की नाही हे ठरवायलाही त्याने मला जागा ठेवली नव्हती. मी अर्ज खिशात घातला. पाठवायला दिला नाही, फाडलाही नाही. बरेच दिवस तो खिशातच राहिला आणि पावसाने विरघळला.

पावसाळाभर गुरुजी सकाळी दहाला साकवाच्या पल्याडच्या टोकाला उभे असत. घोंगडीची खोळ डोक्यावर, एका हातात काठी. एकेका मुलाला पुढे घालून अलीकडे आणत, पुन्हा मागे जात. संध्याकाळी उलट. पल्याडच्या बायका काठावर उभ्या राहून हे बघत. सुरुवातीला त्यांच्याशी बोलत नव्हत्या. श्रावणात एकीने पलीकडून ओरडून सांगितलं, "मास्तर, खोळ नीट घ्येवा, भिजताव!" त्याहून जास्त समेट त्या वर्षी झाला नाही.

पाचवीच्या पहिल्या दिवशी एकवीसपैकी एकोणीस आली. आठही मुली होत्या. पलीकडच्या खोलीत गुरुजींची पहिली इयत्ता, मध्ये कुडाची भिंत, मातीने अर्धीच लिंपलेली. बाहेर पाऊस कोसळत होता. मी अपूर्णांक सुरू केले. एक भाकरी, चार तुकडे, एक तुकडा म्हणजे पाव. पलीकडून ग, म, भ, न चाललेलं ऐकू येत होतं. ते थांबलं.

"सावकाश," भिंतीपलीकडून आवाज आला. "मागच्या रांगेतल्यांना ऐकू येत नाहीये."

मी मागे पाहिलं. शेवटच्या रांगेतल्या तीन मुली पुढे वाकून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी जरा मोठ्याने पुन्हा सांगितलं.

"आता फार मोठ्याने," आवाज आला. "माझी पोरं ग विसरली."

वर्ग हसला. मी भिंतीकडे वळून म्हणालो, गुरुजी, हा माझा वर्ग आहे.  थोड्या वेळाने ग, म, भ, न पुन्हा सुरू झालं. मी भाकरीचा दुसरा तुकडा फळ्यावर काढला, आणि काढताना लक्षात आलं की पलीकडचा आवाज मुद्दाम बारीक केलेला होता, गुरुजींना इकडचं ऐकू यावं म्हणून.